सिद्ध कुठं झालंय?

गेले तीन वीकेंड इथं काही लिहिलं नाही. दोन जणांनी मेल करून विचारलं, "आटोपलं का रे?" आटोपलं नाही. ऑफिसात एका कागदावर अडकलो होतो. त्याबद्दल पुढे सांगतो, आधी जरा गणित. पळू नका, शाळेतल्या बेरजेपुरतंच आहे. (बरं, थोडं जास्त आहे :) )

अंबडहून पाथर्डी फाट्यावरून वडनेरमार्गे गेलं की देवळाली येतं. तिथल्या शाळेत १९३० ते १९६२ या काळात द. रा. कापरेकर नावाचे एक मास्तर शिकवत होते. ६१७४ वाले कापरेकर. नाशिकच्या पोराला हा आकडा कधी ना कधी कुणीतरी ऐकवतंच. पण मला त्यांचा दुसरा एक खेळ जास्त आवडतो. कोणतीही संख्या घ्या, तिच्यात तिचेच अंक मिळवा. २३ घेतले तर २३ अधिक २ अधिक ३, म्हणजे २८. २८ चा जनक २३. १०१ ला दोन जनक आहेत, ९१ आणि १००. आणि २० ला जनकच नाही. अशा बिनबापाच्या संख्यांना कापरेकरांनी स्वयंभू म्हटलं. बाहेरच्या जगात त्यांना देवळाली संख्या असंही नाव आहे. आपल्या गावाचं नाव गणिताच्या पुस्तकात, आणि आपल्याला पत्ता नाही.

आता गंमत बघा. पुढे जायला एक बेरीज पुरते. उलटं जायला सूत्र नाही. मी तुम्हाला ५० आकडी संख्या दिली आणि म्हणालो, हिचा जनक शोधा, तर पहिल्यांदा घाम फुटेल. एका दिशेने सोपं, उलट दिशेने अवघड. गुप्तलेखनवाल्यांना अगदी हेच हवं असतं.

पण दोन मिनिटं थांबून विचार केला की हवा जाते. ५० आकड्यांची बेरीज जास्तीत जास्त ५० गुणिले ९, म्हणजे ४५०. म्हणजे जनक असलाच तर तो मागच्या ४५० संख्यांतच कुठेतरी असणार. ४५० संख्या एकेक करून तपासल्या की झालं. कंप्युटरला पापणी लवायच्या आत. अवघड *दिसत* होतं, अवघड नव्हतं. आजच्या लेखाचा सगळा झगडा या दोन शब्दांमधला आहे.

एलिप्टिक कर्व्ह म्हणजे लंबवर्तुळ नव्हे, हे आधी सांगतो, कारण इंजिनिअरिंगला असताना आमच्या अर्ध्या वर्गाचा हाच समज होता. ही एक वक्ररेषा आहे, य² = क्ष³ + अक्ष + ब अशा समीकरणाची. तिच्यावरचे दोन बिंदू घ्या, त्यांतून सरळ रेषा काढा, ती रेषा वक्राला तिसऱ्या ठिकाणी छेदते. त्या बिंदूचं आडव्या अक्षापलीकडचं प्रतिबिंब म्हणजे पहिल्या दोघांची 'बेरीज'. बिंदू स्वतःमध्येच मिळवायचा असेल तर स्पर्शिका काढायची. बस. १९८५ मध्ये नील कोब्लिट्झ आणि व्हिक्टर मिलर या दोघांना, एकमेकांशी न बोलता, सुचलं की यावर कुलूप बनवता येईल.

छोटं उदाहरण देतो, कागदावर करून बघा. समीकरण य² = क्ष³ + २क्ष + २. सगळी गणितं १७ ने भागून उरलेल्या बाकीत करायची, घड्याळात १२ नंतर पुन्हा १ येतो तसं. सुरुवातीचा बिंदू (५, १). त्याची दुप्पट (६, ३), तिप्पट (१०, ६), चौपट (३, १), पाचपट (९, १६). काही क्रम दिसतोय? मलाही नाही. बिंदू नुसते उड्या मारतात. आता मी विचारलं की (७, ६) हा (५, १) च्या कितीपट आहे, तर तुम्ही मोजत बसाल आणि नऊपट असं उत्तर काढाल. इथे मोजणं जमतं कारण एकूण बिंदूच १९ आहेत.

खऱ्या कुलपात, समजा पी-२५६ या कर्व्हवर, बिंदूंची संख्या ७८ आकडी आहे. 'कितीपट' हा आकडा म्हणजे तुमची खासगी किल्ली. शेवटी आलेला बिंदू म्हणजे सार्वजनिक किल्ली, ती जगाला वाटून टाका. पुढे जायला दुप्पट-दुप्पट करत काहीशे पायऱ्या लागतात, मोबाईल ते चुटकीसरशी करतो. तुम्ही बँकेची साइट उघडता तेव्हा कुलपाचं चित्र दिसण्याआधी बहुधा हेच होतं. उलटं जाण्यासाठी, म्हणजे बिंदूवरून आकडा काढण्यासाठी, आज माहीत असलेली सगळ्यात चांगली सर्वसाधारण पद्धत पोलार्डची, १९७८ ची. तिला साधारण २ चा १२८वा घात इतक्या पायऱ्या लागतात. सेकंदाला एक लाख कोटी पायऱ्या टाकणारं यंत्र आणलं तरी विश्वाच्या वयाच्या ७५ कोटी पटींहून जास्त वेळ. १०९ बिटांचा एक छोटा कर्व्ह २००२ मध्ये फोडला गेला, तेव्हा दहा हजार कंप्युटर ५४९ दिवस चालले होते. एकेक बिट वाढवला की काम साधारण दीडपटीला थोडं कमी एवढं वाढतं. १०९ वरून २५६. करा हिशेब.

इथपर्यंत सगळ्यांना ठाऊक असतं. कॉलेजात मीही इथेच थांबलो होतो, व्हायव्हात एवढ्यावर मार्क मिळतात.

आता तो कागद. आमची पंधरा जणांची कंपनी आहे, एक्सलो पॉइंटच्या जवळ. पाणीपुरवठ्याच्या पंपांची कंट्रोल कार्डं बनवतो. कार्ड कुठल्यातरी गावाच्या विहिरीवर किंवा जॅकवेलवर बसतं आणि पंधरा-वीस वर्षं तिथेच राहतं. त्यातलं सॉफ्टवेअर दुरून बदलता येतं, म्हणून प्रत्येक नव्या आवृत्तीवर आमची डिजिटल सही असते. कार्ड सही तपासतं, जुळली तरच आत घेतं. ती सही एलिप्टिक कर्व्हची. ६४ बाइट्स, सुटसुटीत. ही सही कुणी बनावट करू शकला, तर गावाचा पंप त्याच्या हातात. रात्री कोरडा चालवून जाळा, नाहीतर टाकी ओसंडू द्या, त्याची मर्जी.

एका गिऱ्हाईकाने (नाव नको) ऑर्डरबरोबर सुरक्षेचा फॉर्म पाठवला. नेहमीचे चाळीस प्रश्न. त्यातला एक रकाना: सहीची पद्धत ज्या गणितावर अवलंबून आहे ते गणित सुरक्षित असल्याचा आधार काय, आणि किती वर्षांसाठी? खाली सही करणाऱ्याचं नाव आणि हुद्दा. साहेब म्हणाले, "तू बघतोस ना हे सगळं, तूच कर सही."

घरी बाबांना सांगितलं. बाबा अंबडमध्येच एका कारखान्यात टूलरूममध्ये होते, तीस वर्षं. डाय, पंच, गेज यांतच आयुष्य गेलं. आता निवृत्त आहेत, संध्याकाळी गॅलरीत बसतात आणि माझ्या कामाची चौकशी करतात. मी वर लिहिलं तेच सगळं त्यांना कपबशा मांडून समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"म्हणजे उलटं जाताच येत नाही."

"नाही येत, बाबा."

"असं कोणी सिद्ध केलंय?"

"...नाही."

"मग?"

"चाळीस वर्षं लोक प्रयत्न करतायत. कोणाला जमलं नाही."

"हां. म्हणजे जमलं नाही. जमत नाही असं नव्हे." आणि चहा प्यायला लागले. च्यामारी! दहावी आणि आयटीआय झालेल्या माणसाने दोन वाक्यांत माझा रकाना खोडला.

ते शब्दशः खरं आहे, आणि ही गोष्ट आपल्या धंद्यात आपण जरा दबक्या आवाजातच बोलतो. एलिप्टिक कर्व्हचं कोडं अवघड आहे याची सिद्धता अस्तित्वात नाही. ते *गृहीतक* आहे. सिद्ध का होत नाही याचंही कारण आहे. हे कोडं झटपट सुटूच शकत नाही असं कोणी सिद्ध केलं, तर त्यासरशी पी आणि एनपी वेगळे आहेत हेही सिद्ध होईल. म्हणजे ज्या प्रश्नावर क्ले इन्स्टिट्यूटने २००० साली दहा लाख डॉलर लावलेत तोच प्रश्न. बरं, उलट बाजूने तोही सुटला, पी आणि एनपी वेगळे निघाले, तरी आमच्या कर्व्हला त्याची हमी मिळत नाहीच. त्यातल्या त्यात दिलासा १९९७ च्या व्हिक्टर शूपच्या निकालाचा. बिंदूंची आतली रचना न बघता, बेरजेचं यंत्र फक्त डबा म्हणून वापरायचं ठरवलं, तर पोलार्डपेक्षा फार चांगलं काही करताच येत नाही. हे मात्र सिद्ध आहे. पण चोराने डबा उघडून बघायचा नाही असा नियम चोराला कोण सांगणार?

आणि डबे उघडले गेलेले आहेत. १९९३ मध्ये मेनेझेस, ओकामोटो आणि व्हॅनस्टोन यांनी दाखवलं की एका खास जातीच्या कर्व्हवरचं कोडं तुलनेने सोप्या कोड्यात बदलता येतं. मग लोकांनी या हल्ल्याला दाद न देणारे दुसरे कर्व्ह सुचवले. त्यात एक जात अशी होती, जिच्यात बिंदूंची संख्या ज्या संख्येने बाकी काढतो तिच्याएवढीच असते. वरच्या उदाहरणात १७ आणि १९ आहेत, तसे नाही, तर दोन्ही आकडे सारखे. नव्वदचं दशक संपण्याआधी स्मार्ट, सेमाएव, आणि सातोह-अराकी यांनी वेगवेगळ्या वाटांनी दाखवलं की या जातीवर तर उलटं जाणं जवळपास पुढे जाण्याइतकंच सोपं आहे! जे औषध म्हणून दिलं तेच दुखणं निघालं. तेव्हापासून कर्व्ह निवडताना हे दोन्ही तपासूनच घेतात, आपल्या पी-२५६ ला यातलं काही लागू होत नाही.

सगळ्यात अंगावर येणारी गोष्ट ताजी आहे. २०११ मध्ये एक नवी पद्धत आली, पुढे तिचं नाव साइक झालं. यात बिंदूंऐवजी एका एलिप्टिक कर्व्हवरून दुसऱ्या कर्व्हवर जायची वाट गुप्त ठेवायची. क्वांटम कंप्युटरलाही झेपणार नाही म्हणून लोक खूश. अकरा वर्षं मोठमोठ्या लोकांनी तपासली. जुलै २०२२ च्या सुरुवातीला अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने तिला पुढच्या फेरीत घेतलं. त्याच महिन्याच्या अखेरीस बेल्जियममधल्या कास्ट्रिक आणि डेक्रू या दोघांनी पेपर टाकला. साइकचा सगळ्यात छोटा प्रस्तावित प्रकार त्यांनी साध्या कंप्युटरच्या एका कोअरवर सुमारे एका तासात फोडला होता. वापरलं काय, तर अर्न्स्ट कानी यांचं १९९७ चं एक शुद्ध गणितातलं प्रमेय. पंचवीस वर्षं लायब्ररीत पडून होतं. कुलूप बनवणाऱ्यांनी तो कप्पा उघडलाच नव्हता.

(साइक पडल्याने नेहमीच्या एलिप्टिक कर्व्हला काही झालं नाही हे मुद्दाम सांगतो, नाहीतर कोणीतरी व्हॉट्सअॅपवर 'बँका असुरक्षित' असं फॉरवर्ड करेल.)

बाबांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे तेलगीसारखंच." मी म्हटलं, कसं काय? तर बाबा आठवणींच्या मूडमध्ये. नाशिकरोडची इंडिया सिक्युरिटी प्रेस म्हणजे आम्हा नाशिककरांचं घरचं देवस्थान, मुद्रांक तिथे, पासपोर्ट तिथे. मुद्रांक खरा कसा ओळखायचा? कागद तसा, शाई तशी, छपाई तशी. आणि तसं छापणं बाहेरच्याला जमणार नाही, कारण ती यंत्रं फक्त प्रेसमध्ये. हेही गृहीतकच की, कोणी सिद्ध केलं होतं? मग खानापूरच्या अब्दुल करीम तेलगीने प्रेसमधून बाद झालेली यंत्रं मिळवल्याचं तपासात बाहेर आलं. २००१ मध्ये त्याला अजमेरला पकडलं, २००७ मध्ये शिक्षा झाली. मधल्या काळात बनावट मुद्रांकांवर किती घरांची खरेदीखतं झाली असतील देव जाणे. आमच्या कॉलनीत तेव्हा प्रत्येक जण कपाटातला मुद्रांक उजेडात धरून बघत होता म्हणे.

मला तुलना पूर्ण पटली नाही. तेलगीने कोडं सोडवलं नाही, तो बाजूच्या दाराने आला. पण आमच्याकडेही बहुतेक वेळा असंच होतं. २०१० मध्ये सोनीच्या प्लेस्टेशन ३ ची सही फुटली. त्यात गणिताला कोणी हातही लावला नव्हता. प्रत्येक सहीला नवा यादृच्छिक आकडा लागतो, तो त्यांनी दर वेळी तोच वापरला होता. दोन सह्या समोर ठेवून शाळेतल्या बीजगणिताने खासगी किल्ली निघाली. एवढं मात्र खरं, की २००८ मध्ये देशाचा पहिला ई-पासपोर्ट राष्ट्रपती प्रतिभाताई पाटलांना दिला गेला, तेव्हापासून त्या नाशिकरोडच्या पुस्तिकेतही शाईबरोबर चिप आणि डिजिटल सही आली. म्हणजे शाईच्या गृहीतकाला गणिताच्या गृहीतकाचा टेकू. एक कोसळलं तर दुसरं. ही कल्पना माझ्या डोक्यात तेव्हाच चिकटली.

कारण 'किती वर्षं' हा प्रश्न अजून बाकी होता. आणि तिथे परिस्थिती वाईट आहे. पीटर शोरने १९९४ मध्येच दाखवलंय की पुरेसा मोठा क्वांटम कंप्युटर असेल तर हे कोडं सुटतं. इथे 'जमलं नाही'सुद्धा म्हणायची सोय नाही. रीत तयार आहे, यंत्र नाही. २०१७ च्या एका पेपरात २५६ बिटांच्या कर्व्हसाठी २,३३० लॉजिकल क्युबिट पुरतील असा अंदाज होता, नंतरच्या पेपरांत आकडे आणखी खाली आले. लॉजिकल क्युबिट म्हणजे चुका दुरुस्त केलेला, त्यातला एकेक बनवायला कित्येक कच्चे क्युबिट लागतात, त्यामुळे उद्या सकाळी काही होत नाही. पण निस्टने नोव्हेंबर २०२४ च्या मसुद्यात २०३५ नंतर या सह्या वापरायच्याच नाहीत असं प्रस्तावित केलंय. आमचं कार्ड आज बसलं तर २०४५ मध्येही विहिरीवर असणार आहे.

मी बाबांना विचारलं, तुमच्याकडे डाय किती जॉब देणार हे कसं ठरवायचे?

"सिद्ध कोण करतंय," ते म्हणाले. "आधीच्या डायचा अनुभव बघायचा. कार्डावर आकडा लिहायचा, इतक्या हजार जॉबला उतरवून रीग्राइंड. बरी दिसली तरी उतरवायची. आणि महत्त्वाची लाइन असेल तर दुसरी डाय तयार ठेवायची, वेगळ्या स्टीलची. त्याच लॉटच्या स्टीलची नाही, एक तडकली तर दुसरीपण तडकते."

वेगळ्या स्टीलची! दुसरी सही ठेवायची तर ती दुसऱ्याच गृहीतकावर हवी. ऑगस्ट २०२४ मध्ये निस्टने नव्या सह्यांची मानकं जाहीर केली. त्यातल्या लॅटिसवाल्या सहीचा सगळ्यात छोटा प्रकारसुद्धा २,४२० बाइट्स, आणि तिचं गृहीतक वयाने कर्व्हपेक्षा लहान. साइकचं ताजं असताना मला धीर होईना. (हे माझं मत, लॅटिसवाले रागावतील.) मला भावली ती जुनी हॅशवर चालणारी सही, एलएमएस. तिचं गृहीतक एवढंच, की हॅश उलटवता येत नाही. तेही सिद्ध नाहीच! पण हॅश तुटला तर तशीही सगळी दुनिया तुटते, त्यामुळे जास्तीचं असं काही गृहीत धरावं लागत नाही. सही दीड हजार बाइट्सच्या आत बसते, किल्ली ५६ बाइट्स, आणि तपासायला नुसते हॅश. आमचा बूटलोडर ३२ केबीचा. त्यात जागा करायला दोन वीकेंड गेले. आलं ना लक्षात, ब्लॉग का बंद होता?

साहेबांना पटवायला जास्त वेळ लागला. "एक सही पुरत होती ना इतकी वर्षं?" पुरत होती. दोन्ही सह्या जुळल्या तरच सॉफ्टवेअर आत घ्यायचं, यासाठी टेस्टिंग पुन्हा, कार्डांचा लॉट तीन आठवडे उशिरा. गिऱ्हाईक बोलणार, पैसे अडकणार. पंधरा जणांच्या कंपनीत तीन आठवडे म्हणजे कुणाचा तरी पगार लांबतो. मी फॉर्म त्यांच्यापुढे ठेवला आणि म्हटलं, सही मी करतो, पण या रकान्यात मी 'सिद्ध' हा शब्द लिहिणार नाही. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, लॉट थांबव.

रकान्यात मी हे लिहिलं: "पहिली सही एलिप्टिक कर्व्हवर. अवघडपणाची सिद्धता नाही, १९८५ पासूनचा अनुभव आहे. क्वांटम यंत्राविरुद्ध टिकणार नाही. दुसरी सही हॅशवर, वेगळं गृहीतक. दोन्हींचा फेरविचार दर दोन वर्षांनी, पहिल्याची शेवटची मुदत २०३५." खाली नाव आणि हुद्दा. गिऱ्हाईकाकडून एका ओळीचं उत्तर आलं, 'नोंद घेतली'. ऑर्डर रद्द झाली नाही, एवढं तरी.

एलएमएसची एक खोड आहे. तिच्यातली प्रत्येक छोटी किल्ली एकदाच वापरायची, दुसऱ्यांदा वापरली की बनावट सहीला दार उघडं. आमच्या किल्लीत अशा १,०२४ सह्या आहेत. सही करणारी पेटी स्वतः मोजते, पण बाबांचा आग्रह, मोजणारं यंत्र आहे म्हणून वही बंद करायची नसते. म्हणून आता ऑफिसच्या लोखंडी कपाटात एक लाल पुठ्ठ्याची वही आहे. तारीख, आवृत्ती, सहीचा क्रमांक, दोघांची इनिशियल्स. काल रात्री सातवी ओळ भरली.